राणाईची पालखी आणि गारंबीचा वेल

राणाईच्या डोंगराला कुणी टेकडी म्हटलं की रखमाजीचं टाळकं सटकायचं. "टेकडी तुमच्या पुण्यात असंल. ह्यो डोंगर हाय!"

आता खरं सांगायचं तर डोंगर काही फार मोठा नव्हता. आंबेगावच्या पश्चिमेचे कडे बघितलेला माणूस त्याच्याकडे वळूनही बघायचा नाही. मरो तो! आत शिरल्याशिवाय डोंगर कळतो होय? भर चैत्रात शिरा, डोक्यावरची टोपी तापणार नाही. काळ्या कातळाच्या फटीतून पाणी झिरपतं आणि पायथ्याच्या ओढ्यात धोंड्यांवर चुनखडीचा पांढरा थर चढवत जातं. वर जांभूळ, हिरडा, बेहडा. कोशिंबाला नवी पालवी आली की अख्खं झाड लालबुंद. उंबरावर हरियल बसलेले असतात, पण पान कुठलं नि पाखरू कुठलं ते उडाल्याशिवाय समजत नाही. ही राणाईची देवराई. इथं आजवर कुणी पात्याचं हत्यार चालवलं नव्हतं. वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे.

मग गेल्या वर्षीच्या वादळात एक म्हातारा बेहडा घळीत आडवा झाला. त्याच्यावर चढलेला गारंबीचा वेल, माणसाच्या मांडीएवढा जाड, खाली आला आणि कड्यावरच्या झाडापासून घळीपलीकडच्या जांभळीपर्यंत, नेमका पालखीच्या वाटेवर डोक्याइतक्या उंचीला आडवा लोंबत राहिला. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला घळ, दुसरी वाट नाही. आणि पालखीचा नेम असा, की गावातून उचलली की देवळापर्यंत खांद्यावरून उतरवायची नाही, कलू द्यायची नाही.

चैत्राची यात्रा तोंडावर आली तसा धर्माजी पुजाऱ्यानं आईला कौल लावला. फूल उजवं पडलं. वेल तोडायला आईची परवानगी मिळाली. पालखीच्या पुढच्या दांडीचा मान रखमाजीच्या घरात, म्हणून कोयताही त्याच्याच हातात आला.

"उद्या पालखी अडली तर मान दुसऱ्या घरात जाईल, रखमाजी. ध्यानात ठेव," धर्माजी म्हणाला.

रखमाजी सकाळीच वर गेला. वेलाला हात जोडले, कोयता उचलला, आणि डोक्यावर टकटक, खिकखिक सुरू झालं. बघतो तर शेकरू! तांबूस पाठ, झुपकेदार शेपूट, आणि तोंडात इवलंसं पिल्लू. कड्यावरच्या झाडातलं घरटं सोडून तिला घळीपलीकडच्या रानात जायचं होतं. मधला बेहडा तर पडलेला. आता शेकरू काही जमिनीवर उतरायचं जनावर नव्हे. ती सरळ वेलावर आली. रखमाजी दगडासारखा उभा. कोयत्याच्या पात्यासमोरून, अगदी हाताच्या अंतरावरून ती तुरुतुरु गेली, पलीकडच्या जांभळीवर चढली आणि थोड्या वेळानं दुसरं पिल्लू न्यायला परत आली.

"अगं बया, काय ही हिंमत!" रखमाजीला राहवलं नाही. डोळे भरून आले त्याचे. तो कोयता तसाच घेऊन घरी आला आणि मानाच्या काळजीनं धड जेवलाही नाही.

दुसऱ्या दिवशी ढोल-ताशा वाजवत पालखी वर चढली आणि वेलापाशी थबकली. ढोल बंद पडले. धर्माजीचा चेहरा लाल झाला.

"तोडला न्हाई? आईनं उजवा कौल दिला व्हता ना?"

"दिला व्हता. पण पुजारीबाबा, आईची लेकरं ह्या वेलावरनं ये-जा करत्यात. माज्या डोळ्यांनी बघितलं. माजा हातच उचलंना."

"मग पालखी काय उडत जायची? सोड दांडी. ह्या सुदर्शनच्या घराला दे मान."

रखमाजीचा बाप, आजा, सगळ्यांचे खांदे त्या दांडीनं घासले होते. पण आपण दांडी सोडली तर वेल आज तुटणार, हे त्याला दिसत होतं. त्यानं दांडी घट्ट धरली.

"खांद्यावरनं उतरायची न्हाई, कलायची न्हाई, एवढाच नेम हाय ना? मग राव, गुडघ्यावर बसा. चौघांनी एकदम."

कुणी हललं नाही. एकटा बसला तर पालखी कलणार. शेजारच्या दांडीला सुदर्शनच होता. मान आयता त्याच्या घरी चालून आला होता. त्यानं एकदा वेलाकडे बघितलं, एकदा रखमाजीकडे, आणि नवी कोरी जीन्स पँट आवरत म्हणाला, "काका, तीन म्हणा."

चौघं खाली बसले. खडकाळ वाटेवर गुडघे टेकत टेकत, पालखी सरळ धरून ते वेलाखालून निघाले. पालखीवरच्या छत्रीचा कळस वेलाला लागला नाही. मागं बायकांनी "राणाईच्या नावानं चांगभलं" केलं, तेव्हा रखमाजी हुंदके देत होता आणि त्याची त्याला लाजही वाटली नाही.

पलीकडे चौघं उभे राहिले. सुदर्शनची पँट फाटून गुडघ्यातून रक्त येत होतं. धर्माजी वाकून वेलाखालून आला, चौघांच्या गुडघ्यांकडे बघत राहिला.

"रखमाजी," तो म्हणाला, "पुढल्या वर्षी पोरांना गुडघ्याला फडकी बांधाया सांग."