इंजिनाच्या खिडकीतला माणूस

एक्याऐंशी साली त्या मार्गावरचं शेवटचं वाफेचं इंजिन बंद झालं आणि त्याच्या अखेरच्या फेरीवर काढलेली डॉक्युमेंटरी रेल्वेच्या सभागृहात दाखवायचं ठरलं. ड्रायव्हरीणबाई दुपारपासून ठेवणीतली शाल काढून तयार होत्या. ड्रायव्हर मात्र अंगात ताप नसताना पांघरूण घेऊन पडले होते.

"उठा की! अख्ख्या क्वार्टर्समध्ये सांगून बसलेय मी."

"तेच चुकलं तुझं. धूर आणि शिट्टी, दुसरं काय असणार त्यात?"

"धूर गेला खड्ड्यात. मला तुम्हाला बघायचंय."

खरंच होतं ते. एवढ्या वर्षांच्या संसारात त्यांनी नवऱ्याला काम करताना एकदाही पाहिलं नव्हतं. डबा भरून दिला, काजळी धरलेले कपडे आपटून आपटून धुतले, अवेळी कडी काढली. पण हा माणूस दाराबाहेर पडला की उभा कसा राहतो, हात कशाला घालतो, चेहरा कसा करतो, काही ठाऊक नाही. शेडमध्ये बायकांना मज्जाव. एकदा फाटकाशी जाऊन उभ्या राहिल्या, तर गाडी धडधडत निघून गेली आणि डोळ्यात कोळशाची कणी तेवढी राहिली. आता इंजिन गेलं होतं, नवराही निवृत्त होणार होता. बघायचं ते आजच.

शेवटी ड्रायव्हर कुरकुरत बायकोमागून निघाले. सभागृहात गार्डीणबाईंनी दोघांसाठी जागा धरून ठेवली होती. "या, या! आज काय बाई, मान तुमचा. आमचे हे शेवटच्या डब्यात. त्यांना कोण विचारतंय!"

दिवे गेले. पडदाभर धूर झाला, चाकं फिरली, रूळ पळू लागले. मग इंजिनाची खिडकी आली. खिडकीतून एकजण बाहेर झुकला. गळ्यात रुमाल, पिळदार मिशा, दात असे पांढरेशुभ्र की कोळसा कधी आसपास फिरकलाच नसावा.

"अगबाई," गार्डीणबाई मोठ्यानेच म्हणाल्या, "हा तर आपला तिकीटबाबू! याला इंजिन कधीपासून यायला लागलं? सायकल धड येत नाही मेल्याला!"

मागे हशा पिकला. पडद्यावरचा गंभीर आवाज सांगत होता, "आयुष्यभर या आगीशी ज्यानं संसार केला, तो हा शेवटचा ड्रायव्हर."

ड्रायव्हरीणबाई पडद्याचा कोपरा न् कोपरा धुंडाळत होत्या. कोळसा टाकणारा दिसला. चाकांना तेल घालणारा दिसला. फलाटावरचं कुत्रंसुद्धा दिसलं.

"तुमचे कुठे आहेत हो?" गार्डीणबाईंनी हळूच विचारलं.

त्यांनी शेजारी वळून पाहिलं. खुर्ची रिकामी होती.

दिवे लागल्यावर दिग्दर्शकानं तिकीटबाबूला व्यासपीठावर बोलावून पुष्पगुच्छ दिला. "वाफ म्हणजे माझा श्वास," तिकीटबाबू म्हणाला. टाळ्या पडल्या. ड्रायव्हरीणबाईंनीही सवयीनं दोनदा टाळी वाजवली, मग शाल आवरून त्या बाहेर पडल्या.

ड्रायव्हर स्वयंपाकघरात दिवा न लावता बसले होते.

"त्या दिवशी रजेवर होतात?"

"नाही."

"मग इंजिन कोणी हाकलं? त्या मिशांनी?"

"मीच. खाली बसून."

"खाली म्हणजे?"

"त्याच्या पायाशी. दिग्दर्शक म्हणाला, काका, पडद्यावर तोंड भिंतीएवढं दिसतं. हा भाजल्याचा डाग, हे पडलेले दात लोकांना बघवायचे नाहीत. आमचे साहेब म्हणाले, जरा वेळ सोसा." त्यांनी गालावरून हात फिरवला. हा डागही त्या वाफेनंच दिलेला. "मला तर बाहेरचं काही दिसत नव्हतं. फायरमन ओरडून सिग्नल सांगत होता."

"आणि तुम्ही बसलात? निमूट?"

"मग काय त्याच्या हातात देऊ? मागे डबे माणसांनी भरलेले होते."

"मला का नाही सांगितलंत?"

"कधी सांगणार? मी घरी पोचेपर्यंत तुझी गावभर दवंडी पिटून झाली होती."

ड्रायव्हरीणबाईंनी दिवा लावला. "दाखवा," त्या म्हणाल्या.

"काय?"

"कसे बसला होतात ते."

"वेड लागलंय का तुला?"

"दाखवा म्हणते ना."

ड्रायव्हर गुडघे धरत उठले आणि ओट्याशी उकिडवे बसले. मान खाली दाबली. एक हात वर नेऊन फळीची कड पकडली, दुसरा ओट्याच्या पायावर ठेवला. आधी ते कसनुसे हसले. मग हसू विरलं, ओठ आवळले गेले. कान कुठल्यातरी आवाजाकडे लागले आणि फळीवरचा हात अगदी हलकेच, झोपलेल्या बाळाच्या डोक्याखालून काढावा तसा, मागे आला.

बाई दाराशी उभ्या राहून बघत राहिल्या. बराच वेळ त्यांनी नवऱ्याला उठू दिलं नाही.

दिग्दर्शकाला त्या डॉक्युमेंटरीबद्दल पारितोषिक मिळालं. पुढे तो साबणाच्या जाहिराती करू लागला. तिकीटबाबूला शाळाशाळांतून बोलावणी येत. पुढे पुढे तर आपणच गाडी हाकली, असं त्यालाही वाटत असावं. तो गेला तेव्हा वर्तमानपत्रांनी फोटो छापून हळहळ व्यक्त केली. गार्डीणबाई मुलाकडे राहायला गेल्या आणि भेटेल त्याला खरी हकिगत सांगत राहिल्या. लोकांना तो विनोद वाटे. ड्रायव्हर तिकीटबाबूच्याही कितीतरी आधी गेले. त्यांची बातमी क्वार्टर्सच्या कुंपणाबाहेर गेली नाही.

ते इंजिन रंगरंगोटी करून संग्रहालयात ठेवलंय. खिडकीत प्लास्टरचा पुतळा बसवलाय, मिशांसकट. नातीनं ड्रायव्हरीणबाईंना एकदा तिथं नेलं. नातीचा खांदा धरून त्या लोखंडी पायऱ्या चढल्या, आत गेल्या आणि कमरेत वाकून पुतळ्याच्या पायाशी बघू लागल्या.

"आजी, खाली काय शोधताय?" पहारेकरी अदबीनं म्हणाला. "ड्रायव्हर वर आहे."