मूळ कागद

*सोमवार, सकाळी आठ. गोळ्या तीन. दिल्या.*

"आज वार कोणता, आजोबा?"

मास्तरांनी डॉक्टरांकडे पाहिलं, मग आपल्या मुलाकडे. मुलानं मान खाली घातली. वार जिभेच्या टोकाशी होता, पण डोक्यात कापूस पिंजून भरल्यासारखं झालं होतं. त्या कापसातून तो काही बाहेर येईना.

"गुरुवार," मास्तर म्हणाले.

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. मग मास्तर तिथे नसल्यासारखे ते मुलाशी बोलू लागले. खुब्याचं हाड चांगलं जुळलंय. पण नुसतं हाड जुळून काय उपयोग? इथल्या सात आठवड्यांत माणूस धड दहा पावलं चालत नाही, दिवसा पेंगतो, परवा तर स्वच्छतागृहाचं दार समजून कपाटच उघडलं.

"बुधवारी बसून ठरवू," डॉक्टर म्हणाले. "कायमची सोय करावी लागेल असं दिसतंय."

"एक जागा बघून ठेवलीय," मुलगा हळूच म्हणाला.

चव्वेचाळीस वर्षं शाळांच्या चड्ड्या न् सदरे शिवलेल्या माणसाला शिवण कुठे उसवतेय ते आवाजावरून कळतं.

शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती. तिथे कंडक्टर असायचे. बसवर तीस वर्षं काढलेला हसरा माणूस. आले तेव्हा सिस्टरला "पुढे सरका ताई, मागे गर्दी आहे" म्हणून हसवायचे. मग दिवसा घोरायला लागले. नंतर नंतर कोणीही समोर आलं की नुसता हात पुढे करून सुटे मागायचे. आज त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवून कायमच्या सोयीला नेलं. जाताना त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, पण ओळखलं नाही.

उद्या आपणही असंच बघणार का?

*सोमवार, संध्याकाळी सात. पांढरी अर्धी. दिली.*

दिली असं लिहिलं गेलं, पण पोटात गेली नाही. मास्तरांचा हात थरथरला आणि अर्धी गोळी घोंगडीच्या घडीत घरंगळली. सांगावं, तर "गोळीसुद्धा धरता येत नाही" ही आणखी एक नोंद. ते नुसतंच पाणी प्यायले. सिस्टर पुढच्या खाटेकडे गेली.

*मंगळवार, सकाळी आठ. गोळ्या तीन. दिल्या.*

रात्री झोप धड लागली नव्हती. पण सकाळी छतावरच्या पंख्याला तीन पाती दिसली. रोज तिथे नुसतं एक गरगरणारं ताट असायचं.

मास्तर घाबरले. बरं वाटल्यावर घाबरणारा माणूस विरळाच, पण ते घाबरले खरे.

"व्वा मास्तर, आज गडी फॉर्मात!" व्यायाम घेणारी पोरगी म्हणाली. वॉकर धरून त्यांनी बावीस पावलं टाकली. "काल काय खाल्लं होतंत?"

"खाल्लं नाही म्हणूनच," असं मास्तरांच्या ओठांवर आलं. त्यांनी ते गिळलं.

त्यांना जुना घोटाळा आठवला. एका शाळेच्या दोनशे चड्ड्या कंबरेत ढगळ झाल्या होत्या. मास्तरांनी कारागिरांना झाडलं, टेपला दोष दिला. मग कळलं, की कापड बेतायचा पुठ्ठ्याचा फर्मा झिजला म्हणून त्यावरून दुसरा काढला होता, दुसऱ्यावरून तिसरा. दर खेपेला पेन्सिलीची जाडी बाहेर जात राहिली. सातव्या फर्म्याला कंबर दीड इंच सुटली होती. कापणाऱ्याचा हात चोख होता. तेव्हापासून दुकानात नियमच झाला: फर्म्यावरून फर्मा काढायचा नाही, मूळ कागद गाठायचा.

दर रविवारी सिस्टर टेबलाशी बसून जुन्या तक्त्यावरून औषधांचा नवा तक्ता उतरवते. मास्तरांनी पाहिलं होतं. मोत्यासारखं अक्षर.

*मंगळवार, संध्याकाळी सात. पांढरी अर्धी. दिली.*

"ही कसली हो, सिस्टर?"

"झोपेची."

"कोणी लिहिली?"

"तक्त्यावर आहे ना."

"तक्त्यावर कुठून आली?"

"आजोबा, वीस खाटा आहेत मला. घ्या बघू पटकन. नाही म्हणालात तर तसं लिहावं लागतं."

तसं लिहावं लागतं. उद्याच्या बैठकीत तेही वाचलं जाईल: म्हातारा औषध नाकारतो, संशय घेतो. मास्तरांनी तोंड उघडलं. गोळी गिळताना आपणच आपल्या हातानं दिवा मालवतोय असं त्यांना वाटलं.

पण त्याआधी त्यांनी एक काम उरकलं होतं. खडूचा एक चपटा तुकडा अजून त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असायचा, जन्माची सवय. त्यांनी सदऱ्याच्या डाव्या बाहीच्या आत दोन शब्द लिहून ठेवले होते.

*बुधवार, सकाळी अकरा. बैठक.*

कापूस परत आला होता. डॉक्टर, सिस्टर, मुलगा, तिघांचे चेहरे पाण्याखाली असल्यासारखे.

"आज वार कोणता, आजोबा?"

मास्तरांनी शोधलं. नव्हता.

"शंभरातून सात गेले किती?"

मुलगा कळवळून म्हणाला, "बाबा, अहो, एवढं तर..."

मास्तरांनी बाही उलटी केली. डोळे बारीक करून वाचलं.

"मूळ कागद," ते म्हणाले.

"काय?"

"वार नाही माहीत. मूळ कागद आणा. पांढऱ्या अर्धीचा. पहिला."

"बाबा, काय चालवलंय हे!"

"तू गप रे." हा आवाज दुकानातला होता. मुलगा पटकन गप्प झाला, आठ वर्षांचा असताना व्हायचा तसा. "फर्म्यावरून फर्मा काढलाय यांनी. सिस्टर, तुमचा हात चोख आहे हो. पण मूळ कागद आणा."

सिस्टर उठली, बहुधा त्यांची समजूत काढायलाच. जुन्या इस्पितळातून आलेली जाड फाइल घेऊन आली, उभ्या उभ्या पानं उलटू लागली. मग खाली बसली.

"डॉक्टर," ती पानावर बोट ठेवून म्हणाली. "इथे गोळीच्या नावापुढे लिहिलंय. 'फक्त तीन रात्री.'"

डॉक्टरांनी फाइल ओढून घेतली. मग सातही तक्ते पसरले. पहिल्या तक्त्यातला रकाना अरुंद होता. गोळीचं नाव मावलं, तीन रात्री मावल्या नाहीत. पुढचे सहा तक्ते त्या पहिल्याची हुबेहूब नक्कल होते. सातही तक्त्यांखाली डॉक्टरांच्याच सह्या होत्या.

"एकदम बंद नाही करता येणार," डॉक्टर शेवटी म्हणाले. "हळूहळू उतरवू. बैठक महिनाभर पुढे ढकलू या." त्यांनी मास्तरांकडे पाहिलं, बहुधा पहिल्यांदाच. "माफ करा, मास्तर."

मुलानं वडिलांची बाही सारखी केली. त्याला बटण लावता येईना. मास्तरांनी तरी त्यालाच लावू दिलं.

मग मास्तर म्हणाले, "कंडक्टरला पण पांढरी अर्धीच होती."

सिस्टर कपाटाशी धावली. रिकाम्या हातानं परत आली.

"कागद त्यांच्याबरोबर गेलेत."

कुठल्याशा अनोळखी टेबलाशी बसून, कोणीतरी चांगल्या अक्षरात ते नव्या तक्त्यावर उतरवलेही असतील. सगळ्यांच्या मनात हेच आलं.

"तिकडे फोन लावा," मास्तर म्हणाले.

सिस्टर नंबर फिरवू लागली. मास्तरांनी वॉकर ओढला. मुलगा आधार द्यायला सरसावला, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. डोळ्यांपुढची खोली हेलकावत होती. ते उभे राहिले.

पलीकडे रिंग वाजत होती. कोणी उचलत नव्हतं.

"बसा ना बाबा, वेळ लागेल," मुलगा म्हणाला.

"लागू दे," मास्तर म्हणाले, आणि उभेच राहिले.