तैस्तो रांता पास झाले

हियामला जेवढं इंग्रजी येत होतं, त्यातलं निम्मं तिला तैस्तो रांता यांनी ट्रकमध्ये शिकवलं होतं.

सीरियातलं होम्स सोडून कॅनडातल्या थंडर बेला आल्यावर पहिल्याच हिवाळ्यातली गोष्ट. मंगळवारी आणि गुरुवारी दुपारी तिचा इंग्रजीचा वर्ग असे. बसच्या थांब्यावर ती कुडकुडत उभी होती. समोरच्या घरातल्या म्हाताऱ्याने आपला गंजका ट्रक तिच्यापुढे थांबवला, काच खाली केली आणि म्हणाला, "बस आत. गोठून मेलीस तर तुला उकरून काढायला मलाच फावडं घेऊन यावं लागेल."

तिला त्यातलं फक्त 'बस आत' कळलं. ती बसली. तेव्हापासून तीन वर्षं, दर मंगळवारी आणि गुरुवारी, ती त्या ट्रकमधूनच वर्गाला जात होती. ती त्यांना 'अम्मो' म्हणायची, म्हणजे काका. ते तिला 'पोरी' म्हणायचे.

तैस्तोंचं सगळं आयुष्य कागदाच्या गिरणीत गेलं होतं. बायको जाऊन नऊ वर्षं झाली होती, मुलगी किर्स्ती विनिपेगला असायची. घरापासून तासाभरावर, तळ्याकाठी त्यांची एक लाकडी खोली होती, शेजारी सौना, म्हणजे वाफ घ्यायची खोली. शनिवारी तिथे जायचं, सौना तापवायची, घाम काढायचा आणि एकट्याने परत यायचं, हा त्यांचा नेम. त्यासाठी गाडी हवी. आणि ऐंशी उलटलेल्यांना गाडी चालवायची असेल तर दर दोन वर्षांनी परीक्षा. आठ-दहा म्हाताऱ्यांना एका खोलीत बसवतात, डोळे तपासतात आणि कोऱ्या कागदावर घड्याळ काढायला लावतात. आकडे जागच्या जागी यायला हवेत, काटे सांगितलेल्या वेळेवर.

मागच्या दोन्ही खेपा सहज निभावल्या होत्या. यंदा चौऱ्याऐंशीव्या वर्षी मात्र हात थरथरायला लागला होता आणि कधीकधी आकडेही हरवत होते. ऑक्टोबरभर रोज संध्याकाळी हियाम त्यांच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून त्यांच्याकडून घड्याळं काढून घेत होती.

"अम्मो, सात कुठे आहेत?"

"सात? सातला मी झोपलेला असतो. मला काय माहीत कुठे आहेत ते."

"तिथे परीक्षा घेणारी बाई असं ऐकून घेणार नाही."

"तू तिच्याहून कडक आहेस. काढतो."

बदल्यात ते तिचे धडे घ्यायचे. 'पास' हा शब्द त्याच टेबलावर झाला होता. मिठाची बाटली तिच्याकडे सरकवत ते म्हणाले, "हे पास करणं." दुसऱ्या दिवशी महामार्गावर लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकला त्यांनी नको इतक्या वेगाने मागे टाकलं. हियामने डोळे मिटून घेतले होते. "हेही पास करणं," ते म्हणाले, "आता उघड डोळे." आणि परीक्षेचं काय, तर तेही पासच. तिने वहीत तिन्ही अर्थ अरबीत लिहून घेतले आणि शेवटच्यापुढे एक छोटा ट्रक काढला.

परीक्षा बुधवारी सकाळी दहाला होती. किर्स्ती आदल्या दिवशीच विनिपेगहून आली होती. त्या संध्याकाळी हियामने शेवटचं घड्याळ काढून घेतलं. बाराही आकडे होते. काटे अकरा वाजून दहा मिनिटांवर, जसे हवेत तसे. "झालं," ती म्हणाली, "उद्या तुम्ही पास." तैस्तोंनी मिशीतल्या मिशीत हसून कागद घडी घालून खिशात ठेवला.

बुधवारी हियाम पहाटेच कामाला गेली. एका वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात ती भाज्या चिरायची. दहा वाजले, तशी तिची नजर भिंतीवरच्या घड्याळावरून हटेना. साडेदहा, अकरा. दुपारी बाराच्या सुमाराला फोन वाजला. किर्स्ती होती.

"हियाम," किर्स्तीचा आवाज बसलेला होता. "डॅड पास्ड धिस मॉर्निंग."

हियामच्या हातातली सुरी पाटावर पडली. "अल्हम्दुलिल्लाह!" ती ओरडलीच. "अल्हम्दुलिल्लाह! किर्स्ती, मी येते. संध्याकाळी येते. खायला घेऊन येते!"

"तुझं मन फार चांगलं आहे," किर्स्ती कसंबसं म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

सर्दी झालेली दिसते, हियामला वाटलं. किंवा आनंदाने रडली असेल. बापासाठी मुली रडतात.

घरी आल्याआल्या तिने चीज वितळवायला ठेवलं. होम्समध्ये कुणी परीक्षा पास झालं की घरोघर गोड वाटतात. तिच्या भावाने इंजिनिअरिंग पूर्ण केलं तेव्हा आईने अख्ख्या गल्लीत परात फिरवली होती. इथे आल्यापासून अशी परात भरण्यासारखं काही घडलंच नव्हतं. रवा आणि चीज एकत्र घोटून तिने पातळ पोळी लाटली, मलई भरून गुंडाळ्या केल्या, वर पिस्ते आणि गुलाबाच्या पाकळ्या घातल्या. साखरेच्या पाकाने हात चिकट झाले होते. ते धुऊन तिने धाकट्या बहिणीच्या लग्नात घातलेला केशरी झगा कपाटातून काढला.

तिचा नवरा फवाज कामावरून नुकताच आला होता. "एका लायसनसाठी एवढं?" तो म्हणाला.

"त्या लायसनवर तुझी बायको तीन वर्षं शाळेत गेली आहे," हियाम म्हणाली आणि परात उचलून निघाली.

तैस्तोंच्या दारात सात-आठ गाड्या होत्या. किती माणसं आलीत बघा अभिनंदनाला, तिला वाटलं, आणि अम्मो म्हणे, माझं कुणी नाही! दार लोटलेलंच होतं. तिने पायाने ते उघडलं, परात एका हातावर तोलली, दुसरा हात तोंडाशी नेला आणि आनंदाच्या वेळी तिच्याकडच्या बायका जीभ हलवत काढतात तो लांब, उंच, थरथरता आवाज काढला. लग्नात निघतो, मूल झाल्यावर निघतो. तीन वर्षांत तिने तो काढला नव्हता. भिंतीवरची काच झणाणली.

"कुठे आहेत आमचे पास झालेले ड्रायव्हर?"

खोलीत दहा-बाराजण बसले होते. सगळ्यांच्या अंगावर गडद कपडे होते. मधल्या टेबलावर वेलदोड्याचा पाव आणि कॉफीची किटली. एका माणसाच्या तोंडाशी नेलेला पावाचा तुकडा तसाच राहिला होता. किर्स्ती खिडकीपाशी उभी होती, आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते हियामने याआधी फक्त एकदाच पाहिलं होतं, गल्लीत स्फोट झाल्यानंतरच्या पहिल्या क्षणी, माणसांना आवाज फुटायच्या आधी.

"हे काय चाललंय?" किर्स्ती म्हणाली.

"मी... गोड आणलंय. ते पास झाले ना."

खुर्चीतल्या म्हातारीने, तैस्तोंच्या बहिणीने, हेल्वीने, काठी जमिनीवर आपटली. "कोण आहे ही बया? काढा तिला बाहेर!"

"आत्या, थांब," किर्स्ती म्हणाली. ती दोन पावलं पुढे आली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "हियाम. डेड. ही इज डेड. बूट घालून खुर्चीत बसले होते, सकाळी सहा वाजता. निघायची तयारी करून."

'डेड' हा शब्द हियामला कळत होता. तो तिला इंग्रजी शिकायच्या आधीपासून कळत होता. तरी तिच्या तोंडून आलं ते भलतंच. "पण परीक्षा?"

मग तिची नजर आपल्याच हातातल्या परातीवर गेली. गुलाबाच्या पाकळ्या. पिस्ते. अंगावर केशरी झगा. तिच्या गावात ज्या घरात मयत झाली त्या घरात तीन दिवस कॉफीतसुद्धा साखर घालत नाहीत, आणि ती पाक ओतून, ओरडत आली होती. परात कुठे ठेवावी हेच तिला कळेना. टेबलावर ठेवता येईना, परत नेता येईना. शेवटी दारातल्या बुटांच्या फळीवर, तैस्तोंच्या बर्फातल्या बुटांशेजारी, तिने ती ठेवली आणि ती पळाली. रस्ता ओलांडताना एका गाडीने करकचून ब्रेक दाबला, तोही तिला ऐकू आला नाही.

"तू समोर राहतोस!" ती फवाजवर ओरडली. "रुग्णवाहिका दिसली नाही तुला?"

"मी पाचला निघतो, हियाम. काय झालं? सांग तरी."

तिने फोनवर शब्दकोश काढला. पास. मिठाचं पहिल्या पानावर होतं, गाडीचं होतं, परीक्षेचं होतं. बोट वर सरकवत ती खूप खाली गेली, तेव्हा ते सापडलं, एका ओळीत, उदाहरणासकट. तिने फोन पालथा ठेवला.

गुरुवारी ती बसने वर्गाला गेली. शिकवणाऱ्या ओडेटबाई फळ्यावर तारीख लिहीत होत्या. हियाम जागेवर न बसता सरळ त्यांच्याकडे गेली आणि जे झालं ते तुटक तुटक सांगितलं. ओडेटबाईंचा हात तोंडावर गेला.

"तुम्ही हे आम्हाला का शिकवलं नाही?" हियामचा आवाज चढला. सगळा वर्ग बघत होता. "मीठ द्यायला तोच शब्द, गाडी पुढे काढायला तोच, आणि माणूस मेल्यावर पण तोच? सरळ का नाही बोलत तुम्ही लोक?"

"सरळ बोलवत नाही गं," ओडेटबाई हळू म्हणाल्या. "म्हणून."

मागच्या बाकावरचा कांगोचा पास्कल घाबरून उभा राहिला. "बाई, मी परवा बायकोच्या बॉसला सांगितलं की माझी मारी पास्ड. नर्सिंगच्या परीक्षेत, असं म्हणायचं होतं मला. त्या बॉसबाईने मला मिठीच मारली आणि फुलं पाठवली." कुणीतरी हसलं, लगेच थांबलं. हियामला मात्र हसू आणि हुंदका एकदमच आला आणि ती मटकन बाकावर बसली.

शनिवारी चर्चमध्ये अंत्यविधी होता. ती गेली नाही. पडदा लावून घेऊन घरात बसली, आणि गाड्या निघाल्याचे आणि परत आल्याचे आवाज तिने मोजले.

रविवारी दुपारी मागच्या दारावर थाप पडली. बाहेर किर्स्ती होती. हातात धुतलेली परात.

हियामने तोंड उघडायच्या आत तीच बोलायला लागली. "मी त्या दिवशी तेरा जणांना फोन केले. तू गेल्यावर आठवत बसले, कुणाला काय म्हणाले ते. सगळ्यांना तेच. पास्ड. एकदाही दुसरा शब्द तोंडात आला नाही. 'डेड' पहिल्यांदा म्हटलं ते तुझ्यासमोर."

"माझी चूक झाली. मी तुमच्या घरात..."

"तुला वाटलं ते पास झाले म्हणून तू नटूनथटून आलीस," किर्स्ती म्हणाली. "त्या खोलीत बाकी कुणालाच माहीत नव्हतं की त्यांची परीक्षा होती. आणि ऐक, हेल्वी आत्याने रात्री त्यातल्या चार गुंडाळ्या खाल्ल्या. वर मला विचारते, ती बया पुन्हा कधी येणार."

दोघी टेबलाशी बसल्या. मग किर्स्तीने विचारलं, "तुमच्याकडे काय म्हणतात? कुणी गेलं की?"

हियामने शब्द जुळवले. "म्हणतात, 'त्याने आपलं आयुष्य तुला दिलं.' जे उरलं होतं ते. जो ऐकतो, त्याला."

"बाबांनी?" किर्स्तीच्या तोंडून फिस्सकन हसू निघालं. "आमच्या बाबांनी कधी कुणाला पाना उसना दिला नाही. आयुष्य कुठलं देतात!"

"मला द्यायचे," हियाम म्हणाली. "मंगळवारी आणि गुरुवारी."

किर्स्तीचं हसू तोंडावर तसंच राहिलं आणि मग मोडलं. "माझे बाबा मेले, हियाम," ती म्हणाली. तिने टेबलावर डोकं टेकलं आणि ती मोठ्याने रडायला लागली. हियामने खुर्ची ओढली आणि तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

फवाज मागच्या दाराने आत आला. दोघींना पाहून त्याने अर्धवट काढलेले बूट पुन्हा पायात घातले आणि आवाज न करता दार ओढून घेतलं.