साठ सांगितले, साठ घेतले

आमच्या इमारतीत घर विकून गेलेल्या प्रत्येकाला म्हणे मागितली तेवढीच किंमत मिळालेली आहे. निदान जिन्यात उभं राहून सगळे तसंच सांगतात. आणि आम्ही बावळटांनी ते खरं धरलं!

आईचे गुडघे गेलेत. घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. डॉक्टरकडे जायचं सोडलं तर ती खाली उतरतच नाही. हे घर विकून मावशीच्या शेजारचं तळमजल्याचं घर घ्यायचं, एवढंच तिचं मागणं. तिथली मालकीण थोडं थांबायलाही तयार होती.

तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावरचे हेडमास्तर घर विकून गेले. जाताना दादाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "साठ लाख सांगितले, साठ घेतले. अडून बसायचं."

झालं! दादा अडून बसला. एक भला माणूस बेचाळीस द्यायला तयार होता, त्याला यानं चहासुद्धा विचारला नाही. मी म्हटलं, "अरे, एजंटला विचार ना, हेडमास्तरांचं घर खरं कितीला गेलं." तर मलाच म्हणतो, "हेडमास्तर खोटं बोलतील का?"

वाट बघून बघून मावशीच्या शेजारचं घर दुसऱ्यानं घेतलं. आई त्या रात्री जेवली नाही.

मग एक दिवस हेडमास्तरांच्या घरात आलेली नवी बाई पाण्याचं विचारायला वर आली. बोलता बोलता साठचा विषय निघाला, तर ती हसायलाच लागली. "साठ? अहो, ते जाहिरातीत. आम्ही एक्केचाळीस दिले."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशीच हेडमास्तरांना फोन लावला.

"अगं, चारचौघांत कमी कसं सांगायचं?" ते म्हणाले. "अब्रूचा प्रश्न असतो."

"अब्रू तुमची, आणि गुडघे माझ्या आईचे!" मी फोन आपटला.

शेवटी घर चाळीसला गेलं. नवं घर तळमजल्यावर मिळालं, पण मावशीपासून शहराच्या दुसऱ्या टोकाला.

जायच्या दिवशी दोन हमाल आईला खुर्चीत बसवून खाली आणत होते. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू दारात आल्या. त्यांच्या यजमानांना जिना चढताना धाप लागते. त्यांनीही घर विकायला काढलंय.

"किती आले हो?" काकूंनी विचारलं.

दादानं घसा साफ केला. "साठ."

"चाळीस!" मी ओरडले. "साठ मागितले, चाळीस मिळाले! हेडमास्तरांनाही एक्केचाळीसच मिळाले होते!"

"अगं, हळू बोल," दादा कुजबुजला. "लोक ऐकतील."

"ऐकू दे," खुर्चीतून आई म्हणाली.

काकू घाईनं आत वळल्या. "अहो, त्या परवा परत पाठवलेल्या गिऱ्हाइकाचा नंबर ठेवलाय ना? आत्ताच्या आत्ता फोन लावा त्याला."