शिक्का बसण्याआधी

आमचा संकलक, ज्याला सगळे कात्री म्हणतात, तीन दिवस माझं डोकं खातोय. "सेन्सॉरची फी भर आणि मोकळा हो! प्रमाणपत्र नसेल तर एकही थिएटर तुझा सिनेमा लावणार नाही."

अरे, हे मला कळत नाही का? पण सिनेमा मुलांनी बघावा की मोठ्यांनी, हे ठरवणारी ती मंडळी एकदा शिक्का मारतात आणि मग त्यातली एक फ्रेमसुद्धा बदलता येत नाही. माझं घोडं तिथेच पेंड खात होतं.

सिनेमात माझी धाकटी बहीण आहे. शूटिंग संपलं आणि पंधरा दिवसांत ती गेली. तिचा एकच लांबलचक शॉट आहे, खिडकीशी पाठमोरी उभी. आई म्हणते, "मोठ्या पडद्यावर तिला एकदा बघू दे रे, मग मी काही मागणार नाही."

परवा तोच शॉट बघताना धाकटीची मान जराशी वळलेली, कान दिसला. मी कात्रीवर खेकसलो, "हा कुठला टेक लावलास?" तो शपथेवर सांगू लागला की शॉटला हातच लावलेला नाही. काल गाल दिसला. कात्रीने स्वतः पाहिलं आणि त्याची बोबडीच वळली.

"भर बाबा फी, आजच्या आज! शिक्का बसला की ती आहे तिथेच थांबेल." एवढं म्हणून तो जो गेला, तो पुन्हा एडिटिंगच्या खोलीत फिरकला नाही.

घाबरलो मीही होतो, खोटं कशाला बोलू? पण लोभही सुटला. आणखी एक दिवस थांबलं तर आईला अख्खा चेहरा दिसेल!

आज भर दुपारी एकटाच बसलो. एका स्क्रीनवर फीचा अर्ज, दुसरीवर शॉट. धाकटी पूर्ण वळली होती. तोच चेहरा, नाकाशेजारचा तीळसुद्धा. आईसाठी एवढं पुष्कळ होतं. मी बटणाकडे हात नेला आणि तिचे ओठ हलले. शॉटला आवाज नाही, तरी मला कळलं. शूटिंगच्या दिवशी अंगात ताप असताना ती सकाळपासून हेच विचारत होती, आणि मी मेला दरवेळी म्हणत होतो, "आणखी एकदा."

"दादा, आता बसू का?"

फी भरली असती तर ती कायमची उभी राहिली असती. मला माझीच शरम वाटली.

"बस गं बाई, बस," मी म्हटलं आणि अर्ज बंद केला.

तिने मागे हात नेऊन खिडकीची कड चाचपली आणि हळूच खाली बसली. स्क्रीनवर नुसती खिडकी उरली. मी कितीतरी वेळ थांबलो, पण ती पुन्हा उठली नाही.

मग आईचा फोन आला. "भरलीस का रे फी?"

"नाही गं," मी म्हटलं. "ती फार दमली होती."