सासूबाईंची कवळी आणि चारही चाकं

दातांच्या डॉक्टरांकडे एक जुनी जीप होती आणि तिच्याबद्दल त्यांच्यासमोर कुणी वावगं बोलत नसे. याचं मुख्य कारण, ऐकणाऱ्याच्या तोंडात त्या वेळी बहुतेक डॉक्टरांचा हात असे.

"चारही चाकं ओढतात हो हिची," कापसाचा बोळा कोंबता कोंबता डॉक्टर सांगत. "आजकालच्या गाड्या म्हणजे नुसते सोफे. चिखल दिसला की रडतात. ही भिंतीवर चढेल!"

पेशंट "आँ" करायचा. डॉक्टर तो होकार समजत.

जीप होती छोटीशी, खोक्यासारखी, कापडी टपाची. वय वर्षं सदतीस, त्यातली एकोणीस डॉक्टरांकडे. दार लावायला खांदा लागायचा आणि उघडायला नशीब. डावीकडे वळताना हॉर्न आपण होऊन वाजायचा. आत बसून बोलायचं तर ओरडावं लागे, त्यामुळे डॉक्टर आणि त्यांची बायको येता-जाता भांडतात असा शेजाऱ्यांचा समज होता. तो पुष्कळदा खराही असे.

आणि ही भिंतीवर चढणारी जीप जायची कुठे? घरापासून दवाखान्यापर्यंत. दोन किलोमीटर, गुळगुळीत डांबर, वाटेत तीन गतिरोधक. प्रत्येक गतिरोधकाआधी डॉक्टर गिअरशेजारचा तो दुसरा, आखूड दांडा गंभीर चेहऱ्याने मागे ओढत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा पुढे ढकलत.

हसायला सोपं आहे. पण माणूस दिवसभर नऊ बाय दहाच्या खोलीत चाकाच्या स्टुलावर बसून दुसऱ्याच्या जबड्यात डोकावत असेल, तर त्याला संध्याकाळी काय हवं असतं? जीपमध्ये बसलं की डॉक्टरांना वाटे, आत्ता मनात आणलं तर हे वळण सोडून थेट डोंगरात घुसू. घुसत कधीच नसत. घुसता येईल, एवढ्यावरच ते खूश होते.

दर रविवारी जीपला आंघोळ. पुढच्या दोन चाकांच्या मधोमध पोलादी चकत्या होत्या, फक्त पुढच्याच, मागच्यांना नाहीत. त्या डॉक्टरांच्या विशेष लाडक्या. त्यांच्यावर पूर्वी काहीतरी बारीक अक्षरं होती. डॉक्टरांनी पॉलिश लावून लावून ती पार घालवली. आता कुठे त्या आरशासारख्या दिसतात, असं ते कौतुकाने म्हणत.

बायकोचं दवाखान्याच्या खालच्याच मजल्यावर औषधांचं दुकान होतं. बाई मोठ्या चिकित्सक. औषधाच्या खोक्यातला तो घडीचा, मुंगीच्या अक्षरांचा कागद दुनियेत कुणी वाचत नाही. या चष्मा पुसून पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचत आणि मगच ते औषध फळीवर ठेवत. एकोणीस वर्षं त्यांनी जीपमध्ये कंबर मोडून घेतली होती. अखेर त्यांनी एक नवी, शांत, बंद काचांची गाडी पसंत केली. ती सोमवारी यायची होती आणि घराच्या इमारतीखाली गाडीला जागा होती एकच.

"एकच सांगा," त्या म्हणाल्या. "एकोणीस वर्षांत या जीपने असं एक तरी काम केलंय का, जे टॅक्सीने झालं नसतं?"

डॉक्टर विचार करू लागले. हातातला चहा निवला, त्यावर साय धरली, तरी विचार चालूच. शेवटी त्यांनी मुकाट्याने जीप विकल्याच्या कागदावर सही केली. गॅरेजचे वस्ताद सोमवारी तिला नेणार होते. नेऊन काय करणार, तर सुटे भाग काढणार. त्या रात्री डॉक्टर जेवले नाहीत आणि पोट बिघडल्याचं खोटंच सांगितलं.

रविवारी सकाळी सासूबाईंचा फोन आला. पलीकडून नुसतीच हवा ऐकू येत होती. डॉक्टरांनी फोन बायकोकडे दिला, कारण आईची हवा तिलाच कळे.

"आईची कवळी पडली बेसिनमध्ये. दोन तुकडे," बायको म्हणाली. "आणि चार वाजता तिच्या शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन आहे. भाषण तिचंच."

सासूबाई निवृत्त मुख्याध्यापिका. भाषणाची संधी त्यांनी आयुष्यात सोडलेली नव्हती आणि दातांवाचून ती सोडायची त्यांची तयारी नव्हती. नशिबाने नवी कवळी दवाखान्यात तयार होती. अडचण रस्त्याची. सासूबाईंचं घर आणि शाळा दोन्ही टेकडीवर, आणि टेकडीचा रस्ता पाण्याच्या पाइपासाठी आडवातिडवा खणून ठेवलेला. तीन टॅक्सीवाल्यांनी नाव ऐकूनच फोन ठेवला. उरली जुन्या खाणीची चढण, म्हणजे नुसता चिखल आणि दगड.

डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की बायकोला त्यांची शंका आली. सासूबाईंची कवळी मोडल्याचा कुठल्या जावयाला इतका आनंद कधी झाला नसेल.

"ठीक आहे," बायको म्हणाली. "आज ही जीप आईच्या दारात पोचली, तर मी तो कागद फाडते. नाही पोचली, तर उद्या वस्तादांच्या हातात चावी द्यायची. आणि तोंड पाडून बसायचं नाही."

"कबूल!" डॉक्टर ओरडले. तेव्हा ते जीपमध्ये नव्हतेसुद्धा.

खाणीपाशी पोचल्यावर डॉक्टरांनी जीप थांबवली, घसा खाकरला आणि दुसरा दांडा मागे ओढला. "घट्ट धरून बस," ते म्हणाले. "आता चारही चाकं लागली."

जीप गुरगुरत निघाली. पाव चढण गेली, निम्मी गेली. मग मागची चाकं जागच्या जागी गरगरू लागली, चिखल टपापर्यंत उडाला आणि पुढची चाकं पाहुण्यांसारखी स्वस्थ बसून राहिली. जीप हळूच घसरत खाली आली.

दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा त्याहून लवकर. डॉक्टरांनी टायरांना दोष दिला, चिखलाला दिला, खाणवाल्यांना दिला. मग "वजनही जरा..." असं म्हणत त्यांची नजर शेजारी वळली, आणि वाक्य तिथेच संपलं.

डॉक्टर उतरले आणि एका दगडावर जाऊन बसले. त्यांना खरोखर रडू येत होतं. उद्या जीप जाणार याचं दुःख होतंच, पण एकोणीस वर्षं गावभर जिच्या फुशारक्या मारल्या तिने ऐन वेळी असं करावं, हे मनाला फार लागलं.

इकडे बायको हात पुसायला फडकं शोधत होती. समोरच्या कप्प्यात तिला जीपचं पुस्तक सापडलं. आधीच्या मालकाने ते जपून ठेवलं होतं आणि डॉक्टरांनी त्याहून जपलं होतं, म्हणजे कधी उघडलंच नव्हतं. बाईंनी चष्मा पुसला आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बाराव्या पानावर त्या थांबल्या.

"अहो, तुम्ही हब फिरवलेत का?"

"काय फिरवलं?"

"पुढच्या चाकांच्या मधोमध चकती असते. खाली उतरून ती हाताने फिरवायची, 'फ्री'वरून 'लॉक'वर. तोवर पुढच्या चाकांना इंजिनाचा जोर मिळतच नाही, तुम्ही दांडा कितीही ओढा. ठळक अक्षरांत लिहिलंय. चौकट करून."

"छे! त्या शोभेच्या आहेत," डॉक्टर म्हणाले. पण म्हणता म्हणताच ते मनात हिशेब करू लागले. एकोणीस वर्षं. सगळे गतिरोधक. आणि ओढत होती ती फक्त मागची दोन.

बाईंनी चपला काढून ठेवल्या आणि चिखलात उतरल्या. चकतीपाशी वाकून त्यांनी बराच वेळ पाहिलं. "यावर लॉक कुठे लिहिलंय?"

डॉक्टर बुटांकडे बघत राहिले. "होतं," ते म्हणाले. "मी घासलं."

बाईंनी चकतीकडे पाहिलं, डॉक्टरांकडे पाहिलं. मग जे हसू फुटलं, ते बॉनेटला धरून उभं राहावं लागेपर्यंत आवरेना. हसता हसता त्यांनी पुस्तकातलं चित्र पुन्हा पाहिलं, फडकं चकतीवर टाकलं आणि औषधाच्या बाटलीचं हट्टी झाकण उघडतात तशी ती दाबून पिळली. टक! मग दुसऱ्या बाजूची. टक!

डॉक्टर लगबगीने स्टिअरिंगकडे निघाले.

"तिकडे बसा," बायको म्हणाली. "ज्याने वाचलंय त्याने चालवायची."

डॉक्टर शेजारच्या सीटवर बसले, मांडीवर पुस्तक. "चढणीवर क्लचवर पाय ठेवू नये," ते मोठ्याने वाचू लागले आणि मनात शरमले, कारण त्यांचा पाय कायम तिथेच असे. "लहान गिअर. घाई करू नये. गाडीला तिचं काम करू द्यावं."

बाईंनी घाई केली नाही. जीपनेही केली नाही. पिशव्या घेऊन जिना चढणाऱ्या बाईसारखी ती एकेक दगड पारखत वर निघाली. पुढची चाकं चिखलाला धरून ओढत होती, मागची ढकलत होती. जिथे तीनदा घसरली होती ती जागा केव्हा मागे पडली, कळलंच नाही. वरच्या सपाटीवर आल्यावर बाईंनी एक आरोळी ठोकली. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती, पण असला आवाज डॉक्टरांनी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता.

सासूबाई तोंडावर रुमाल धरून फाटकात उभ्या होत्या. डॉक्टरांनी त्यांना स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसवून कवळी लावली, एका कडेला जरा घासली, पुन्हा लावली. सासूबाईंनी दात दोनदा आपटून पाहिले आणि पहिलं वाक्य उच्चारलं, "इतका उशीर?" मग खिडकीबाहेर पाहून दुसरं, "अगं बाई, आलात कसे? पाण्याचा टँकर परवा निम्म्यातून परत गेला!"

डॉक्टर खाली वाकून कवळीची डबी पिशवीत ठेवू लागले.

"मी आणली," बायको म्हणाली. चिखलाने माखलेल्या पायांनी ती तिथेच उभी होती. पर्समधून कागद काढून तिने त्याचे चार तुकडे केले, आणि डॉक्टरांनी सासूबाईंसमोर, कसलीही लाज न बाळगता, डोळे पुसले.

सोमवारी वस्ताद आले. "जीप विकायची नाही!" डॉक्टरांनी त्यांना दारातूनच सांगितलं आणि ऐटीत चावीसाठी हात वर केला. खिळ्यावर चावी नव्हती. खाली जीप नव्हती. रस्ता बंद असल्यामुळे टेकडीवरच्या म्हाताऱ्या माणसांची औषधं पोचवायला बाई सकाळीच गेल्या होत्या. मंगळवारीही गेल्या; सोमवारी आलेली नवी गाडी गल्लीत उभी राहिली, खालची जागा जीपचीच. बुधवारी डॉक्टरांना जीप लांबून दिसली, गळ्यापर्यंत चिखलात रंगलेली. त्यांनी हात केला. तिकडून हॉर्न वाजला, पण जीप डावीकडे वळत होती, त्यामुळे काही सांगता येईना.

शनिवारी त्यांनी बायकोला दारातच गाठलं. तिच्या हातात औषधांची पिशवी होती आणि चावी होती.

"अगं, आज मी नेतो की जीप."

"कुठे जायचंय?"

"दवाखान्यात."

"दवाखान्यात?" तिला खरंच नवल वाटलं. "तिथे रस्ता आहे की!"

तिने नव्या गाडीची चावी त्यांच्या तळहातावर ठेवली, आणि दोन-दोन पायऱ्या टाकत ती खाली उतरून गेली.