चॉकलेटला नाक मुरडणारी किसणी

मी अंधेरीजवळच्या आंबोली गावातल्या रोझमेरीबाईंची किसणी बोलतेय. हसू नका. या स्वयंपाकघरात सगळ्यांत जास्त दात मलाच आहेत, तेव्हा चवीढवीबद्दल बोलायचा हक्कही माझाच!

माझा जन्म अंधेरीच्या बाजारात धोंडू पत्रेवाल्याच्या हातून झाला. घासलेटच्या रिकाम्या डब्याचा पत्रा कापून त्यानं खिळ्यानं भोकं पाडली, कडा दुमडल्या आणि मला दुकानाबाहेर टांगलं. नुकतंच लग्न होऊन सासरी आलेल्या रोझमेरीनं माझ्यावरून बोट फिरवलं. "ही चावरी हाय, हीच दे," म्हणाली. राखेनं घासघासून तिनं माझा घासलेटचा वास घालवला आणि मी तिची झाले.

खोबरं किसलं, जायफळ किसलं, पण माझा जीव जडला तो सालींवर. आता माझी मतं ऐकाच. मोसंबीची साल म्हणजे नुसतं नाव. संत्र्याची साल गोड बोलते, पण भट्टीत गेली की मुकी होते. खरी साल ईडलिंबाची! जाड, खडबडीत, आणि वास असा की रव्याच्या केकात चार दिवस घर करून राहतो. फक्त वरचं पिवळं तेवढं घ्यायचं. खालचा पांढरा थर लागला, की केक कडूजहर झालाच म्हणून समजा.

आणि चॉकलेट? त्याचं नाव माझ्यापुढे काढायचं नाही. ते जाईल तिथे ऐसपैस पसरतं. बदाम, वेलची, साल, कुणाला म्हणून तोंड उघडू देत नाही. सालीच्या केकात चॉकलेट घालणाऱ्याला स्वयंपाकघरातून बाहेर काढावं, असं माझं मत होतं. रोझमेरीचंही अगदी तेच. आमचं दोघींचं त्या बाबतीत चांगलं जमायचं.

गावात कुणाचंही लग्न असो, केकसाठी बोलावणं रोझमेरीलाच. तिची किसण्याची तऱ्हा वेगळी होती. ती डोळे मिटून किसायची. वास जरा बदलला, की लिंबू फिरवायची. पांढऱ्याला तिनं कधी माझा दात लागू दिला नव्हता. आणि जोडप्यानं कापल्याशिवाय केक चाखायचा नाही, हा तिचा नेम. जिभेपेक्षा तिचा भरवसा नाकावर.

छप्पन सालच्या पावसाळ्यात रोझमेरीला ताप आला. तीन आठवडे ती अंथरुणावर होती. त्यातून उठली, हिंडूफिरू लागली, पण काहीतरी बिनसलं होतं. चुलीवरचं दूध करपलं तरी ती शेजारी बसून तांदूळ निवडत राहिली. मी भिंतीवरून बघत होते. तिचं नाक गेलं होतं. तिनं ते कुणालाही सांगितलं नाही. सांगणार कशी? धाकटी नणंद पेट्रिशिया येता-जाता टोचायचीच, "वयनी, आता थकलीस तू. गावचे केक माझ्याकडे दे." आणि नोव्हेंबरात तर रोझमेरीच्याच मुलाचं, लिओनार्डचं, लग्न ठरलेलं.

नवरी मुलुंडची, क्लॅरिस नावाची. आमच्या घरची रीत अशी, की लग्नाच्या केकचं मिश्रण होणाऱ्या सुनेनं एकदा ढवळायचं. त्यासाठी ती आदल्या आठवड्यात आली. रोझमेरीनं माझ्यावर ईडलिंबू धरलं, सवयीनं डोळे मिटले आणि किसत राहिली. पिवळं संपलं तरी हात थांबेना. माझ्या भोकांतून पांढरा चुरा पडत होता. मी ओरडले असते हो, पण किसणीला दात असतात, आवाज कुठे असतो?

सगळा कीस रव्यात गेला. क्लॅरिसनं ढवळलं आणि रोझमेरीचा नेम ठाऊक नसल्यामुळे खुशाल बोट चाटलं. तिचं तोंड वाकडं झालं. तिनं ताटलीतला उरलेला पांढरा चुरा पाहिला. तेवढ्यात चुलीवरचं दूध उतू गेलं, करपल्याचा वास घरभर झाला, आणि त्याच्याकडे पाठ केलेली रोझमेरी शांतपणे भांड्याला लोणी फासत होती. पोरीला सगळं उमगलं.

पलीकडच्या खोलीतून पेट्रिशिया बदाम घेऊन आली. "बघू, कसं जमलंय," म्हणत तिनं चमचा उचलला.

"थांबा!" क्लॅरिस म्हणाली. तिनं पिशवीतून लिओनार्डसाठी आणलेली चॉकलेटची मोठी वडी काढली. "केक माझ्या लग्नाचा हाय ना? मना त्यात चॉकलेट पायजे."

"सालीच्या केकात चॉकलेट?" पेट्रिशियाच्या हातातला चमचा तसाच राहिला. "अगो, याड लागलंय का तुला?"

रोझमेरीचा चेहरा उतरला. "नको गो पोरी," ती हळूच म्हणाली. "माझा केक असा नसतो."

"माय, एवढं माझं ऐका. यापुढे सगळं तुमचं ऐकीन."

आणि तिनं ती वडी माझ्यावर घासली! मला अस्सा संताप आला. नंतर आणखी साखर पडली, लोणी पडलं, आणि केक गावच्या भट्टीत गेला. लग्नात लोकांनी तो खाल्ला. थोडा कडवट होता, पण चॉकलेट तसंच असतं म्हणून कुणी काही बोललं नाही. बोलले ते सुनेबद्दल. मुलुंडची पोर हट्टी आहे, पहिल्याच दिवशी सासूवर कुरघोडी केली, असं घरोघर झालं. क्लॅरिस हसून ऐकून घ्यायची.

खरं काय ते आणखी एका बाईला ठाऊक होतं. केक भट्टीत गेला त्या संध्याकाळी मला धुताना रोझमेरीच्या बोटांना चॉकलेटखाली चिकटलेला तो मऊ पांढरा चुरा लागला होता. पोरीनं चॉकलेटखाली काय झाकलं, ते तिला तिथेच मोरीपाशी कळलं. तिला रडू येत होतं, पण बोलायची हिंमत होत नव्हती. बोललं की गावचा केक हातचा गेला.

महिन्याभरानं नाताळ आला. गोडधोड करायला सगळ्याजणी जमल्या. पेट्रिशियानं सगळ्यांदेखत क्लॅरिसला बाजूला सारलं. "तू लांब बस गो बाय. एक केक नासवलास, तेवढा पुरे."

"तिनं नाय नासवला," रोझमेरी म्हणाली.

ती सगळ्यांकडे वळली.

"मना वास नाय येत. तापापासून नाय येत. साल मी कडू केली. माझी लाज राहावी म्हणून या पोरीनं चॉकलेट घातलं, आणि महिनाभर तुमची बोलणी खाल्ली. मी गप बसले. मना माफ कर गो, क्लॅरिस."

क्लॅरिसनं तिला मिठी मारली. पेट्रिशियानं डोळे पुसले आणि विचारलं, "मग आता किसायचं कुणी?"

"ही किसंल. मी शेजारी बसून सांगन."

तेव्हापासून मी क्लॅरिसच्या हातात आहे. दोघी पाटावर शेजारी शेजारी बसतात. सून वासाचं सांगते आणि सासू हाताचं सांगते. केक पूर्वीसारखाच होतो, गाव पूर्वीसारखंच बोलावतं. आता मी गंजत चाललेय, दोन-तीन दात बोथट झालेत. पण माझी एक विनंती आहे. माझ्यासारखी ठाम मतं असतील, तर ती जरूर बाळगा, फक्त ज्याला खायला घालायचंय त्याच्याकडे आधी बघा.

कारण दर रविवारी चर्चमधल्या मिस्साहून आल्यावर क्लॅरिस वाटीभर रव्याची खीर करते आणि माझ्यावर चॉकलेट किसून त्यावर घालते. रोझमेरी डोळे मिटून घास तोंडात धरते. ईडलिंबाचा वास आता तिच्यापर्यंत पोचत नाही. पण चॉकलेट जिभेवर हळूहळू विरघळतं, आणि ते विरघळणं तिला कळतं.

"कसं लागतं, माय?" क्लॅरिस विचारते.

"गोड," ती म्हणते. "आणि जरासं कडू. अजून किस."